ठेल्यावरची हजेरी

गाडीतळाच्या सिग्नलला स्कूटर उभी केली आणि कुर्त्याच्या खिशात फोन थरथरला. गाडीवर असताना फोन बघायचा नाही, हे मी जगाला सांगत फिरते. पण पुढे बस आडवी, डावीकडे उसाची ट्रॉली, सिग्नल लाल, म्हणून काढला. धम्मदीपचा मेसेज होता. "ताई, एक बटण टाकूया का? फक्त एकच. प्रत्येक लिखाणाखाली, कोणी कोणी वाचलं ते दिसेल असं." बस्स, एवढंच. कुणी गेलं नव्हतं, कुणाला अपघात झाला नव्हता, नोकरीवरून कुणी काढलं नव्हतं. तरी सिग्नल कधी सुटला ते कळलंच नाही. मागचा माणूस म्हणाला, "अहो मॅडम, उतरून पूजा करायची आहे का सिग्नलची?" एरवी मी ह्याला सोडला नसता. पंचवीस वर्षं पुण्यात काढलीत, एवढं तर शिकलेच आहे. पण त्या दिवशी सोडला. गाडी पुढे काढली, एका गॅरेजच्या कडेला लावली आणि तो मेसेज परत वाचला, फक्त एकच बटण. मला त्या पोराचा राग आला आणि लगेच मनात आलं, टाक. टाकच बाबा एकदाचं. आणि हे मनात आलं म्हणून मग स्वतःचा राग आला.

आमच्या साइटचं नाव पानठेला. विदर्भातून पुण्यात आलेल्या लोकांची ही जागा. सुरुवात झाली तेव्हा पुण्यात चांगलं लाखी तिखट कुठे मिळतं, नागपूरच्या गाडीचं रिझर्व्हेशन कधी उघडतं, असल्या गोष्टींसाठी. मग माणसं काहीबाही लिहायला लागली. कुणाचं लग्न, कुणाच्या सासूची तऱ्हा, कुणाचं गावाकडचं आभाळ. साइट म्हणजे साधं पान आहे. लिहायचं असेल तर एकदा नाव द्यायचं, मग तुमचा फोन ते लक्षात ठेवतो. वाचायला काहीच लागत नाही. लिहिलं की खाली उत्तरं येतात, एकाखाली एक. अंगठा नाही, बदाम नाही, फोटो नाही, आवाज नाही, कोण आत्ता हजर आहे त्याचा हिरवा ठिपका नाही. धम्मदीप दर काही महिन्यांनी काहीतरी नवीन घेऊन येतो आणि मी नाही म्हणते. तो बिचारा ऐकतोही. खडकीचा आहे तो, बाप भंडाऱ्याहून दारूगोळा कारखान्यात आला आणि हा इथेच जन्मला. वऱ्हाडी बोलता येत नाही, पण साइटचं सगळं तांत्रिक काम तोच बघतो, फुकट. लोक म्हणतात, उत्कर्षाताई तत्त्वाच्या पक्क्या आहेत, काही वाढवू देत नाहीत. तत्त्व डोंबलाचं! मला भीती वाटते. साधी, बाईमाणसाची म्हणतात तसली नाही, चांगली आठ हातांची भीती वाटते. ती तत्त्वासारखी दिसते एवढंच.

साइट माझी नाहीच मुळी. दिग्विजयनं बांधली, माझ्या धाकट्या भावानं. त्यानं ती बांधली तेव्हा मी त्याला म्हणाले होते, अरे हे काय, मराठी शाळेच्या फळ्यासारखं, काहीतरी रंगरूप दे. तो म्हणाला, "ताई, ठेल्यावर कायचं आलंय रंगरूप?" आर्वीला आमच्या घराजवळ एसटी स्टँडच्या बाहेर एक पानठेला होता. संध्याकाळी बापे तिथे येऊन उभे राहायचे. पोरींनी थांबायची रीत नव्हती, मी सायकलवरून जाता-येता बघायचे. ठेल्यावर एक गोष्ट कुणी करत नसे. कोण आलं, काऊन आलं, किती वेळ उभं राहिलं, हे विचारत नसत. पाठ करून पूर्ण संध्याकाळ उभं राहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेलं तरी चालायचं. बाबा आणि दिगू, दोघांचं घरात बोलणं बंद होतं. दिगूनं बारावीनंतर बाबांना नको ते शिक्षण घेतलं तेव्हापासून. एका ताटात चटणी वाढायची तर आईला मध्ये यावं लागायचं. पण संध्याकाळी दोघं त्याच ठेल्यावर. बाबा डावीकडे, दिगू उजवीकडे, मध्ये कात-चुना. बाबा ठेलेवाल्याला सांगायचे, "उद्या सकाळी मोटर दुरुस्तीले माणूस येऊन राहिला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू शेतावर हजर. दिगू ठेलेवाल्याला सांगायचा, "परीक्षेले अमरावतीले जातो गुरुवारी." गुरुवारी पहाटे बाबांनी अंगणात त्याची चप्पल पुसून ठेवलेली असायची. बापलेकांनी अशी वर्षं काढली. मला हे तेव्हा फार विनोदी वाटायचं. आता वाटत नाही.

बाबा गेले तेव्हा दिगू आला. अंगणात बसला, कुणाशी बोलला नाही, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुण्यातली नोकरी सोडली, खोली सोडली, नंबर बदलला. मला एक मेल आली, "मी ठीक आहे. शोधू नका. साइट चालू ठेव, काही वाढवू नको." का गेला ते मला ठाऊक नाही. आई म्हणते, राग. मला वाटतं, कंटाळा आला त्याला आमचा. राग उतरतो, कंटाळा उतरत नाही. शोधलं अर्थातच, सगळीकडे शोधलं, पोलिसांतही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी मेल वाचली आणि म्हणाले, सज्ञान माणूस आहे, ठीक आहे म्हणतोय, मग आपण काय करणार? खरंच, आपण काय करणार? आईला मी आर्वीहून मांजरी रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. आईच्या हातात फोन दिला, एका बोटानं लिहायला शिकवलं, आणि ती पानठेल्यावर रोज संध्याकाळी काहीतरी लिहायला लागली. विमलाबाई, आर्वी. बहुतेक वेळा खाण्याचं. गोळाभात कसा करायचा, सांडगे कधी घालायचे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी तोंडानं म्हणाले नव्हते, पण आम्हां दोघींना माहीत होतं की ती कुणासाठी लिहिते. तो वाचत असेल. नसेलही. वाचायला नाव लागत नाही, त्यामुळे कधी कळणार नाही. इतकी वर्षं आम्ही ह्या न कळण्याच्या आधारावर जेवतोय, झोपतोय.

मग यंदा उन्हाळ्यात आईच्या पाककृती चुकायला लागल्या. गोळाभातातले गोळे तळून घ्यावे, असं लिहिलं तिनं. गोळे तळून! विदर्भातलं शेंबडं पोर सांगेल की भरड्याचे गोळे कच्चेच भातावर ठेवून वाफवतात. लोक तुटून पडले. वऱ्हाडी माणूस बाकी काहीही सहन करेल, चुकीची पाककृती नाही. पुढच्या आठवड्यात पाटवडीच्या रश्शात गूळ. कोंडीराम काका म्हणून खडकीचे एक रिटायर्ड सभासद आहेत, त्यांनी लिहिलं, "वहिनी, रश्शात गूळ खाण्यापेक्षा मले आमच्या कारखान्यातली गोळी घाला." कुणी लिहिलं, काकू, पुण्याचं पाणी लागलं वाटतं तुम्हाले. हसले सगळे. मी नाही हसले. माझ्या ऑफिसातल्या एका बाईच्या सासूचं असंच सुरू झालं होतं, आधी भाजीत मीठ दोनदा, मग घरचा पत्ता. मी रात्ररात्र फोनवर त्या आजाराबद्दल वाचायचे, आणि सकाळी आईला उगाचच विचारायचे, काल काय भाजी होती गं? ती माझ्याकडे अशी बघायची, जशी मीच वेडी आहे.

शेवटी तिला डॉक्टरकडे नेलं. मेंदूच्या. खोटं सांगून नेलं, माझंच डोकं दुखतं म्हणून. तिथे गेल्यावर तिला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, परत सात वजा करा. आईनं अगदी खालपर्यंत वजाबाकी करून दाखवली, बाजारातून उठून आल्यासारखी. घड्याळ काढा म्हणाले तर ती म्हणाली, "चाबीचं काढू का सेलचं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "आपल्या आईंना काहीही झालेलं नाही. आपण मात्र जरा झोप घ्या." पैसे देताना मला हसू आणि रडू एकदमच आलं. परत येताना मगरपट्ट्याच्या पुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा आई म्हणाली, "तुले काय वाटलं, मी पागल झाली?"

मी म्हणाले, "आई, रश्शात गूळ गं."

"मले माईत नाही का गूळ नाही पडत ते? पन्नास वर्स रस्सा केला मी. तो पोट्टा लहानपणी जेवतानी बोलेच नाही. कसं झालं बाप्पा, विचारलं तरी बोले नाही. मीठ कमी पडलं का मंग तोंड उघडे. चुकलं का बोलते तो. बरोबर असलं का नाही बोलत." आणि मग बाहेर बघत म्हणाली, "सगळ्याइनं चूक काढली. त्यानं नाही काढली."

मला काय वाटलं ते सांगायला शब्द कमी पडतील असं लेखक लोक लिहितात. मला एकच गोष्ट वाटली, की दिगू समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. आणि मग त्याला धरून रडले असते. त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे. ऑफिसात स्क्रीनसमोर बसते आणि दर पाच मिनिटांनी पानठेला उघडते. आईचं नवीन लिखाण, खाली लोकांच्या दुरुस्त्या. प्रत्येक नाव बघते. हा? हा नाही. ही? छे. पूर्वी मला न कळणं पुरत होतं, आता पुरेनासं झालं. आई मुद्दाम चुकतेय, म्हातारपणी स्वतःला वेडी म्हणवून घेतेय, आणि पलीकडे कुणी आहे की भिंत आहे तेही माहीत नाही! त्याच आठवड्यात सिग्नलवर तो मेसेज आला. म्हणून सिग्नल सुटलेला कळला नाही. दिगूनं पूर्वी पानठेल्यावर लिहिलेलं आहे. त्याच्या फोनात त्याचं नाव अजून असेल, तर तो वाचायला आला की दिसेल. बटण टाकलं की कळेल. गॅरेजच्या कडेला उभी राहून मी धम्मदीपला लिहिलं, "रविवारी घरी ये. बोलू." पण मनात माझं ठरलं होतं. मी हो म्हणणार होते.

रविवारी संध्याकाळी तो आला. आईनं पाटवडी केली होती, बिनगुळाची. धम्मदीपला तिनं पुढ्यात बसवून वाढलं. तो खाता खाता सांगत होता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. "ताई, लोक सोडून चाललेत. सिरीयसली. रुपाली मॅडम किती छान लिहायच्या, त्यांनी बंद केलं. का, विचारलं तर म्हणाल्या, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, कुणी वाचतंय की नाही कळतच नाही. तिकडे ग्रुपवर निदान निळ्या खुणा तरी दिसतात. मी बाकी काहीच मागत नाहीये. लाइक नको, फोटो नको. फक्त खाली छोट्या अक्षरात नावं. बाकी साइट दादानं केली तशीच राहील." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "म्हंजे माह्या लिहिल्याखाली नावं येतीन?"

"हो काकू. ज्यानं ज्यानं वाचलं त्याचं."

"अन ज्यानं नाही वाचलं त्याचं?"

"त्याचं नाही येणार."

आई पळी हातात धरून उभी राहिली. रस्सा पळीतून परत पातेल्यात पडत होता. मला वाटलं ती आता आनंदेल, म्हणेल टाक रे बाबा, इतके दिवस काऊन नाही टाकलं. मी तयारच होते. ती म्हणाली, "मंग नको."

"काकू, पण तुम्हालाच कळेल ना, किती लोक वाचतात."

"लोकाइचं काय करू मी?" मग माझ्याकडे वळून, एकदम हळू आवाजात, जणू धम्मदीप तिथे नाहीच, "उत्कर्षा, तो वाचत नसन तर नसन. मी लिहीन. पण तो वाचत नाही हे तू मले दाखवू नको. एवढं नको करू."

धम्मदीपनं खाली मान घातली. मी म्हणाले, "नाही टाकत." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कसा येणार, मी हो म्हणायला बसले होते. आई पुन्हा वाढायला लागली, "घे रे, लाजू नको." आणि मी विचार करत होते, की ही बाई ठेल्यावर एक दिवसही उभी राहिली नाही, आणि तिथली रीत हिलाच कळली. बाबांना दिगूचं उत्तर नको होतं. त्यांना फक्त उजवीकडे बघायचं नव्हतं. बघितलं असतं आणि तिथे कुणी नसतं तर मोटरीचं कुणाला सांगणार होते ते? हे असलं काहीतरी सुचलं की मला बरं वाटतं, पण जरा वेळच. लगेच दुसरं मन म्हणालं, बघितलं असतं आणि तो असता तर?

धम्मदीपला सोडायला मी खाली पार्किंगपर्यंत गेले. सोसायटीतली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजत होता आणि कुणीच तो बंद करत नव्हतं. त्यानं हेल्मेट हातात घेतलं, घातलं नाही. "ताई, एक सांगायचंय. चिडू नका." मी म्हणाले, "आता काय राहिलंय?" तो म्हणाला, "ते बटण मी टेस्टिंगसाठी चालू केलं होतं. सोमवारपासून. फक्त माझ्या स्क्रीनवर दिसायचं, बाकी कुणाला नाही. चालतंय का बघायला. सॉरी."

"कुणाला विचारून?" मी जवळजवळ ओरडलेच. खेळणारी पोरं थांबली.

"सॉरी ताई. चूक झाली. पण म्हणजे, मी पाहिलंय. काकूंच्या लिखाणाखाली कोणकोण आहे ते." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सांगू?"

एवढं सोपं होतं. दोन अक्षरं, आहे किंवा नाही, आणि ती समोरच्या ह्या माणसाच्या तोंडात तयार होती. इतक्या वर्षांत मी दिगूच्या इतकी जवळ कधी आले नव्हते. मी त्याचा चेहरा वाचायला लागले. भुवई, ओठ, हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करणारं बोट. वाईट बातमी असती तर ह्यानं पाटवडी दोनदा वाढून घेतली असती का? पण चांगली असती तर वर असतानाच बोलला असता. की आईसमोर नको म्हणून थांबला? की बातमी वाईट आहे म्हणूनच बटणाला आम्हीच नको म्हणावं, असं त्याला वाटत होतं? पण मग आणलं कशाला? वर आईला मी शब्द दिला होता, तिला दाखवणार नाही. मी स्वतः बघणार नाही, असं कुठे म्हणाले होते? पण मला कळलं असतं आणि मी वर गेले असते, तर आईनं माझं तोंड बघून ओळखलं असतं. मीठ कमी पडलेलं चव न घेता ओळखते ती. माझ्या तोंडावर तर तिनं सत्तेचाळीस वर्षं नजर ठेवलीये.

"बंद कर," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं फोन काढला, काहीतरी केलं. "झालं. गेलं सगळं."

"आणि तुझ्या डोक्यातलं?"

तो हसला नाही. "ते माझ्याजवळच राहील, ताई." हेल्मेट घातलं, गाडी चालू केली, स्टँड काढला. आणि मग काच वर करून म्हणाला, "काकूंना म्हणावं, लिहीत राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लिहीत राहा म्हणावं."

"धम्मदीप, म्हणजे काय?" पण तो गेटपर्यंत पोचला होता, वॉचमननं फाटक उघडलं, आणि तो मांजरीच्या गर्दीत मिसळला. मी पळत चार पावलं गेलेसुद्धा. मग थांबले. तो काय म्हणाला? काकूंना बरं वाटावं म्हणून म्हणाला? चांगल्या घरचा पोरगा आहे, कुणाच्याही आईला असंच म्हणेल. की मला सांगायचंच होतं त्याला, आणि मी नको म्हटल्यावर एवढ्याच शब्दांत सांगून टाकलं? आता दर वेळी तो दिसेल आणि मी त्याच्याकडे बघेन, आणि त्याला माहीत असेल आणि मला नसेल. लिफ्ट बंद आहे असं समजून जिन्यानं वर चढले, मग लक्षात आलं ती चालूच होती.

आई ओटा पुसत होती. पाठ माझ्याकडे. "काय म्हणत होता तो इतका वेळ?"

मी खोटं काहीतरी सांगू शकले असते. सर्व्हरचं म्हणाले असते, तिला काय कळणार होतं. पण जे म्हणाला तेच सांगितलं, शब्दाला शब्द, त्यात माझं काहीच न घालता. "म्हणाला, काकूंना म्हणावं लिहीत राहा."

आईचा हात थांबला. ती वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड कोरं ठेवायचा इतका प्रयत्न केला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी तिनं पाहिलं. फडकं ओट्यावर ठेवून ती खाली फरशीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले, तिचा खांदा धरला, आणि तिला सांगावं असं सगळं माझ्या जिभेवर आलं, की आई, मला काही माहीत नाही गं, तो सहज म्हणाला असेल, त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

"म्हंजे वाचते तो," आई म्हणाली. ओल्या तोंडानं हसत होती. "वाचते ना माहा दिगू?"

"हो," मी म्हणाले.